शेवटची चूल म्हणे!

आधीच सांगून ठेवते, माझी आई गरीब बिचारी नाही. खाडीकाठच्या म्हाताऱ्या बाईवर कुणी लिहायला बसलं की लोक लगेच रुमाल शोधायला लागतात. तो रुमाल खिशातच राहू द्या. जिजा श्रीपत भोईर ही जूचंद्र गावातली बाई पासष्टी ओलांडून गेली तरी चार गल्ल्या ऐकू जाईल एवढ्या आवाजात हाक मारते, आणि तिला गावात पाठीमागे 'तोफ' म्हणतात. समोर कुणी म्हणत नाही. तोफेच्या तोंडासमोर कोण उभं राहणार?

मी तिची एकुलती एक पोरगी, हेमांगी. माझा नवरा अल्पेश लग्नानंतर आमच्याच घरी राहायला आला. घरजावई म्हणून पोरं त्याला चिडवतात, तर तो म्हणतो, "घरजावई कसला, सासूच्या हातची मेस लावलीय." आमची निधी दुसरीत आहे. एवढंच आमचं घर. कौलारू, पुढे ओटा, ओट्याच्या कडेला पत्र्याच्या सावलीत मातीची चूल. आजूबाजूला सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगा उठल्यात. आमचं भाताचं शेतही एका बिल्डिंगखाली गेलं. आईला विचारा त्याचं दुःख होतं का. ती म्हणेल, "गुडघाभर चिखलात वाकून लावनी तू केलेलीस का? मंग दुःख तुलाच होऊ दे."

अशी बाई. तिचं माहेर उमेळ्याचं. केळीच्या वाडीत वाढलेली, पायाला चिखल माहीत नव्हता. लग्न होऊन इकडे आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात खाडीत नेलं आणि चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळात हात घालायला लावला. चिंबोरीनं बोट धरलं. आई ओरडली नाही. ते बोट तसंच वर काढलं, चिंबोरीसकट, आणि सासूला म्हणाली, "घ्या, कालवन करा." ही गोष्ट सासू मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची.

आता कौस्तुभचं. कौस्तुभ हा विरारला चंदनसारला राहणारा, तिशीतला मुलगा. आईवडील मूळचे साताऱ्याकडचे, याचा जन्म मुंबईतला. जाहिरातीच्या कंपनीत होता, ते सोडून त्यानं नवीन धंदा काढला. दर शनिवारी संध्याकाळी मुंबई-ठाण्याची आठ-दहा माणसं आणायची आणि आमच्या गावातून खात-पीत फिरवायची. गाव दाखवायला गावातलं माणूस पाहिजे म्हणून त्यानं मला धरलं. इतर दिवशी मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, शनिवारी वाटाडी.

देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी सगळ्यांनी जमायचं. तिथं गाडीवर बोंबलाची भजी. मग मिठागराच्या बांधावरून ऊन उतरताना चालायचं, फोटो काढायचे. मग सरकारमान्य ताडी केंद्रात ज्याला पाहिजे त्याला एकेक ग्लास. कौस्तुभ ताडीला 'लोकल वाइन' म्हणतो. वाइन म्हटल्यावर ती कमी चढते की काय, देव जाणे. आणि शेवटी आमचा ओटा. आई चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या थापणार, चिंबोरीचं कालवण, जवळ्याची चटणी, आणि उठताना पेलाभर गरम पेज.

पहिल्याच शनिवारी कौस्तुभनं पेजेची ओळख करून दिली, "आणि हे आपलं ट्रॅडिशनल राइस सूप."

आई लगेच म्हणाली, "सुपात पाखडायचं असतं रं पोरा, प्यायचं नसतं."

लोक हसले, तोही हसला. तसा मुलगा वाईट नाही, हे मी अजूनही म्हणते. आईच्या पाया पडायचा, चिंबोरी फोडायला तिच्याकडूनच शिकला, निधीसाठी चॉकलेट आणायचा. पण त्याला एक खोड होती. जिथं उभा राहील तिथं त्याला काहीतरी संपताना दिसायचं. बांधावर उभा राहिला की "हे शेवटचे मिठागरवाले." ताडीच्या दुकानात, "ही शेवटची पिढी." अहो, तो ताडीवाला अजून लग्नाचा आहे! पण लोकांना ते आवडायचं. संपत आलेली गोष्ट आपण अगदी वेळेवर येऊन बघितली असं वाटलं की माणसाला जास्त भूक लागते बहुतेक.

फोनवरच्या जाहिरातीत त्यानं आमच्या ओट्याला 'द लास्ट हर्थ', म्हणजे शेवटची चूल, असं नाव दिलेलं होतं. अल्पेशला ते भारी वाटलं. इंग्रजीत कुणी शिवी घातली तरी आपल्याला ती सर्टिफिकेटसारखी वाटते. आईला तर फोनशी देणंघेणं नाही. म्हणून इतके महिने काही झालं नाही.

मग एका बुधवारी कौस्तुभनं बोर्ड आणला. मी लॅबमध्ये होते, आई बाजारात. अल्पेश घरी होता, त्यानंच खिळा ठोकायला हातोडी दिली. मी घरी आले तेव्हा आई ओट्यासमोर उभी होती, हातात माशांची पिशवी तशीच. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. अक्षर जोडून-जोडून, मोठ्यानं वाचते.

"खा-डी-का-ठ-ची. शे-व-ट-ची. चू-ल."

खाली तिच्याच हातांचा फोटो, भाकरी थापताना.

तिनं पुन्हा वाचलं. मग पिशवी खाली ठेवली आणि ओट्यावर बसली. आई ओरडते तेव्हा मी निवांत असते. आई गप्प बसली की मी चपला पायातच ठेवते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय झालं? तर ऐका. आपण दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. नारळ फोडत नाही, वाढवतो. वाणीसुद्धा रात्री दुकान बंद करत नाही, दुकान वाढवतो. संपलं, फुटलं, विझलं हे तोंडातून काढायचं नाही, ही आपली रीत. आणि चूल? चूल विझली असं आपण वैऱ्याच्या घराबद्दलही बोलत नाही. चूल विझली म्हणजे वंश बुडाला. आणि इथं आमच्याच ओट्यावर, आमच्याच खांबाला, रंगीत अक्षरांत, चूल शेवटची!

आणि आमच्या घराला हे बोल नवीन नव्हते. माझे बाबा गेले तेव्हा मी सातवीत होते. सकाळी बांधावर गेले, छातीत कळ आली, दुपारी खाटेवरून घरी आणले. मयताच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे पिठलं-भात आणून देतात, तसं चाललं होतं. त्या दिवसांत एका संध्याकाळी बाबांचे धाकटे भाऊ, कृष्णाकाका, अंगणात बसून चार माणसांत बोलले, "श्रीपतची चूल इझली. पोरगी काय, परक्याचं धन. वैनीनं आता उमेळ्याला भावाकडं जावं. घर मी बघेन."

आई आत भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तिनं ऐकलं, मीही ऐकलं.

तेराव्याच्या दिवशी आई अंधारात उठली. डोक्यावरून पदर घेऊन चुलीपुढं बसली आणि पेटवली. काकांनी जेवणाला आचारी सांगितला होता, तिनं त्याला दारातूनच परत पाठवला. सगळ्या भावकीचा स्वयंपाक एकटीनं केला. पंगत बसली, तशी हातात भाताचं पातेलं घेऊन पहिली काकांच्या पानापुढं जाऊन उभी राहिली.

"किस्ना," म्हणाली, "इझलेल्या चुलीवरचा भात हाय. वाढू का?"

काका पानावरून उठले. न जेवता गेले. समोरच्याच घरात राहतात, गल्लीची रुंदी एक रिक्षा जाईल एवढी, पण त्या दिवसापासून आई आणि ते बोलले नाहीत. सणाला नाही, लग्नात नाही, माझ्या लग्नातही नाही. मीराकाकी, म्हणजे आईची जाऊ, मागच्या दारानं निधीला खाऊ देते, तेवढंच.

आई म्हणते तेव्हापासून आमची चूल विझली नाही. रोज निजताना निखारा राखेत पुरते, सकाळी उकरून फुंकते. घरात गॅस आहे, शेगडी आहे, तरी चहा चुलीवरच. खरं सांगायचं तर मी ती दोनदा विझलेली पाहिलीय. पण आईला तसं सांगायची कुणाची बिशाद आहे?

तर त्या बुधवारी ती ओट्यावरूनच मला म्हणाली, "लाव त्याला फोन."

मी लावला, स्पीकरवर टाकला.

"कौस्तुभ, बोर्ड पायला."

"कसा वाटला आजी? मस्त आहे ना?"

"शनवारपासून मी दुकान वाढवते," आई म्हणाली. दातओठ खाऊन, एकेक शब्द मोजूनमापून.

मग कौस्तुभ किंचाळलाच. "काय सांगता! आजी, तुम्ही ग्रेट आहात! नक्की ना?"

"नक्की म्हंजे नक्की. तुज्या मानसांना सांग."

"आत्ता सांगतो! लगेच!"

फोन ठेवला. आई माझ्याकडे बघायला लागली. "पोरगं येडं हाय काय गं? खूश झालं."

मला काही कळेना. जेवणं होईपर्यंत त्याचा मेसेज आला. 'आजी सुपरस्टार! स्वतःहून म्हणाल्या दुकान वाढवते! मग मीही ग्रुप वाढवला, या शनिवारी चाळीस जण आणतोय, एक पत्रकार पण आहेत!!!'

मी वाचून दाखवलं आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग अल्पेशची ट्यूब पेटली. "अरे देवा! त्याला वाटलं धंदा वाढवताय. मोठा करताय!" आणि तो असा हसला, असा हसला, की भिंतीला धरून खाली बसला. मलाही आवरेना. आईला मात्र हसू येत नव्हतं.

"साताऱ्याच्या मानसांना दुकान वाढवनं म्हाईत नाय?"

"सातारच्यांना माहीत असेल हो. हा चंदनसारच्या फ्लॅटमधला. याचं सगळं चोवीस तास उघडं असतं," अल्पेश म्हणाला.

"मी त्याला कळवते," मी म्हटलं. "सरळ सांगते, आई आता करणार नाही. बोर्ड काढून ने."

"थांब."

आईनं बोर्डाकडे पाहिलं. मग गल्लीकडे. मग समोर काकांच्या ओट्याकडे, जिथं काका रोजच्यासारखे बिडी ओढत बसलेले होते. बोर्ड त्यांच्या बरोब्बर डोळ्यांसमोर येत होता. त्यांनी तो वाचलाच असणार. दिवसभर बसून वाचला असणार.

"मी बंद केली," आई हळू बोलली, "तर बोर्ड खरा झाला. बोर्ड पन खरा आनि तो पन खरा." काकांच्या दिशेनं नुसती हनुवटी हलवली.

"मग काय करायचं?"

"चाळीस मानसं एका चुलीवर होतात?"

"नाही."

"मंग बास." ती उठली, साडी झटकली. "माज्या दारातून उपाशी कोन गेला नाय. शनवारी येऊ दे त्याला. शेवटची चूल बघायला येतंय काय! दाखवते."

दुसऱ्या दिवसापासून आई गल्लीत फिरायला लागली. प्रत्येक दारात एकच प्रश्न: "तुजी चूल कुठं हाय?" कुणाची पत्र्याखाली सरपणानं झाकलेली, कुणाची गच्चीवर. एकीच्या चुलीत मांजर व्यालेलं. एकीनं चुलीत तुळस लावलेली. तिला आई म्हणाली, "तुळस कुंडीत ठेव गं बाय, देवी रागावत नाय. चूल मोकळी कर." बायका आधी हसल्या. धूर होईल, डोळे जळतात, गॅस असताना कशाला, पोरांची परीक्षा आहे. आई प्रत्येकीला हात धरून आमच्या ओट्यासमोर आणायची आणि बोर्ड वाचायला लावायची. मोठ्यानं. बाई वाचायची, आणि 'शेवटची'वर आली की तिचा आवाजच बदलायचा. "शी! हे काय अभद्र लिवलंय!"

"तुज्यासकट लिवलंय," आई म्हणायची. "माजी शेवटची, तर तुजी मेली कवाच."

पुढचं मग बोलावं लागत नव्हतं. माती आली, शेण आलं, चुली सारवल्या गेल्या.

आमच्या शेतावर उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर मनोरमाताई राहतात. त्या सोलापूरकडच्या, नवरा मंत्रालयात नोकरीला. त्या दळण घेऊन चाललेल्या, हा सगळा प्रकार बघून थांबल्या. "जिजाताई, मलाही मांडायचीय चूल. आमच्या सोसायटीत नाही चालायचं, तुमच्या गल्लीत कोपरा द्याल का? पण मला भाकरी ज्वारीची येते हो."

"ये की," आई म्हणाली. "आमचा तांदूळ काय भांडकुदळ नाय. भांडकुदळ मी हाय."

राहिलं एक घर. समोरचं. शुक्रवारी संध्याकाळी आईनं साडी बदलली. गल्ली ओलांडायला साडी बदलली, बघा! काकांच्या फाटकाबाहेर उभी राहिली. आत पाऊल टाकलं नाही. काका ओट्यावर होते, बिडी विझली तरी तोंडात तशीच. आई त्यांच्याकडे न बघता आत हाक मारून बोलली:

"मीरा, उद्या गल्लीत सगल्या चुली पेटनार. तुजी पेटवायची तर पेटव. मी मागायला नाय आली, सांगायला आली."

आणि परत फिरली. आतून मीराकाकी धावत दारापर्यंत आली. तिनं काकांकडे पाहिलं. काकांनी मान वळवून भिंतीकडे केली.

शनिवारी मी लोकांना घ्यायला डोंगराच्या पायथ्याशी गेले. खरंच चाळीस होते. टोप्या, कॅमेरे, पाण्याच्या बाटल्या. पत्रकार म्हणून आलेल्या बाई चांगल्या होत्या, फक्त प्रत्येक भज्याला "याचा इतिहास काय?" विचारत होत्या. कौस्तुभनं या वेळी कमरेला स्पीकर आणि कानाला माइक लावलेला. बांधावर तो नेहमीचं बोलला, शेवटचे मिठागरवाले. मी दात आवळून गप्प राहिले. ताडी केंद्रात बोलला, शेवटची पिढी. मी म्हटलं बोल बाबा, घे बोलून, आज तुझा दिवस आहे.

उजेड कमी व्हायला लागला तसे आम्ही आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो. कौस्तुभ वळून, उलटा चालत, माइकमध्ये म्हणाला, "मित्रांनो, ज्यासाठी आपण इथवर आलो तो क्षण. आता आपण पाहणार आहोत खाडीकाठची शेवट..."

लोक त्याच्याकडे बघतच नव्हते. त्याच्या पाठीमागे बघत होते. तो वळला.

गल्लीच्या दोन्ही बाजूंना, ओट्याओट्यावर, जाळ. प्रत्येक चुलीपुढं एकेक बाई. धूर असा की बिल्डिंगवाले खिडक्यांतून डोकावत होते. कुठे भाकरी फुगतेय, कुठे कोलंबी परततेय, कोपऱ्यात मनोरमाताईंची ज्वारीची भाकरी, थापताना दोन्ही हातांचा ताल धरलेला. कुणीतरी निवट्यांचं, खाडीच्या चिखलातल्या त्या लहान माशांचं, कालवण टाकलेलं, त्याच्या वासानं अर्धे पाहुणे तिकडेच वळले. फक्त काकांच्या ओट्यावर अंधार होता. म्हणजे चूल होती. मीराकाकीनं सारवून लख्ख केलेली, लाकडं रचलेली. पण पेटवलेली नव्हती. काकी तिच्याजवळ हात बांधून बसून होती आणि काका खांबाला टेकून.

पाहुण्यांतल्या एका मुलानं अगदी भाबडेपणानं विचारलं, "सर, यातली शेवटची कुठली?"

स्पीकरमधून कौस्तुभचा श्वास सगळ्या गल्लीला ऐकू येत होता.

आई आमच्या ओट्यावर चुलीपुढं बसलेली होती. बोर्ड खांबावर नव्हता. बोर्ड तिच्या हातात होता आणि त्यानं ती चुलीला वारा घालत होती.

"ये रं कौस्तुभ, जवळ ये," ती म्हणाली. "दुकान वाढवलं म्हंजे काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. शेवटी अल्पेशला दया आली, त्यानं त्याच्या कानात सांगितलं. माइक कानालाच होता, त्यामुळे तेही सगळ्यांनी ऐकलं. पोराचा चेहरा पडला.

"आजी, म्हणजे तुम्ही... बंद करणार होतात?"

"करनारच होते. मंग म्हटलं, मी कशाला बंद करू? तुजा बोर्ड बंद करते. तुला कोनी सांगितलं रं मी शेवटची?"

"आजी, मला तुमचा मान..."

"मान? सवाष्णीच्या कपाळावर शेवटचं कुंकू लिवशील तू मान म्हनून?" आता ती उठून उभी राहिली, बोर्ड हातातच. "माजा नवरा गेला तवा पन एकजन असंच बोलला होता. माज्या अंगनात बसून. श्रीपतची चूल इझली. माजी पोर मांडीवर होती, जिवंत, जेवती-खाती, आनि माजी चूल इझली! का? तर पोरगी हाय म्हनून. तवा मी गप बसले नाय, आनि आता मी कौस्तुभ, तुज्यापुढं गप बसू? माज्यामागं माजी हेमा हाय. तिच्यामागं तिची निधी हाय. आनि समजा कोनी नसतं, तरी जवर मी फुंकतेय तवर ती शेवटची कशी? शेवट कोन ठरवनार? तू? का तो?"

'तो' म्हणताना तिनं बोट केलं नाही. गरजच नव्हती. गल्लीतल्या सगळ्या बायका काकांच्या ओट्याकडे बघत होत्या.

मला वाटलं काका आत निघून जातील, तेराव्याला गेले तसे. ते उठले. आत गेले पण. दार लोटल्याचा आवाज आला. आईनं बोर्ड खाली टाकला आणि पुन्हा चुलीपुढं बसली. जाळात घालायचं लाकूड ती हातातच धरून राहिली, आणि ते मी पहिल्यांदा पाहिलं. मला एवढा राग आला की वाटलं जाऊन ते दार लाथेनं उघडावं.

पण दार आतूनच उघडलं. काका बाहेर आले. हातात कौलाचा एक फुटका तुकडा. ओट्यावरून उतरले, फाटक उघडलं आणि गल्ली ओलांडायला लागले. कॅमेरेवाले बाजूला झाले, त्यांना काही कळत नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं कळत होतं. काका आमच्या ओट्याच्या पायरीशी येऊन थांबले. कौल पुढं धरलं.

"वैनी," ते म्हणाले, "विस्तव हाय काय?"

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लायटर होता. लाल रंगाचा, सगळ्यांना दिसत होता. दिवसभर बिड्या पेटवतात त्यानं. आणि काडेपेटी मागायची तर गल्लीत आणखी दहा घरं होती.

आईनं वर पाहिलं नाही. चिमट्यानं लाकडं सारखी करत राहिली.

"कोनाच्या चुलीचा पायजे?"

काकांनी कौल आणखी पुढं धरलं. मीराकाकी पलीकडे उभी राहून तोंडावर पदर धरून रडत होती. कौस्तुभनं, देव त्याचं भलं करो, हळूच माइक बंद केला.

"श्रीपतच्या," काका म्हणाले.

आईनं चिमटा राखेत खोल घातला, जाळातला नाही, खालचा, राखेत पुरलेला लालबुंद निखारा काढला आणि कौलावर ठेवला. मग त्याच्या शेजारी आणखी एक. काकांनी दुसऱ्या हातानं आडोसा धरला आणि वळले.

"किस्ना."

ते थांबले.

"चूल पेटव आनि परत ये. त्या दिवशीचं तुजं पान वाढायचं ऱ्हायलंय."